गावच्या जंगलाचं मोल कागदावर आणायचंय: वृक्षगणना, एचसीव्ही की लोक जैवविविधता नोंदवही?

मुळशी, मावळ, भोर या पट्ट्यातल्या गावांमधून हल्ली एकच प्रश्न सारखा येतो. वर देवराई आहे, खालून प्लॉटिंग सरकत चाललंय, राई वाचवायची तर तिचं मोल कागदावर आणायला हवं. ते आणायचं कसं? पर्याय मुख्यतः तीन: झाडं मोजायची, एचसीव्ही म्हणजे उच्च संवर्धन मूल्य पद्धतीनं अभ्यास करून घ्यायचा, नाहीतर गावाची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातले जीव आणि त्यांबद्दल लोकांना असलेली माहिती टिपणारी वही, करायची. तिन्ही कामांत मी थोडीफार राबले आहे, म्हणून माझं मत आधीच सांगते. नोंदवही गावानं करावी आणि तिच्यातले प्रश्न एचसीव्हीकडून घ्यावेत.

वृक्षगणना सगळ्यात लवकर आटोपते. शहरात तिला कायद्याचं बळही आहे. नागरी क्षेत्रातली झाडं जपण्यासाठी राज्याचा १९७५ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानतात. कोथरूडमध्ये रस्तारुंदीत वड जाणार असेल, तर हाच मार्ग धरा.

राईत मात्र ही पद्धत तोकडी पडते. एका देवराईत आम्ही फिता घेऊन गेलो होतो. जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर मोजायचा, नाव लिहायचं, पुढच्या झाडाकडे वळायचं. मध्येच गारंबीची वेल आली. मांडीएवढी जाड, तीन झाडांवरून पलीकडे गेलेली, हातहातभर शेंगा लोंबत असलेली. तक्त्यात वेलीसाठी रकानाच नव्हता. राईच्या खालच्या अंगाला झरा होता, वाडीतल्या बाया उन्हाळ्यात तिथंच हंडे भरतात. त्यालाही रकाना नव्हता. संध्याकाळी झाडांचा आकडा हाती आला, पण ज्यासाठी गावानं ती राई राखली ते सगळं त्या आकड्याबाहेर राहिलं.

माळावर आणि कड्यावर तर हे मोजमापच चुकतं. वेताळ टेकडीवर लावलेल्या गिरिपुष्पाची गणती होते, शेजारच्या गवताळ उताराची होत नाही. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहे तो माळरानामुळे. शिवनेरीच्या कड्यावर उगवणारी शिंदळ माकुडी ही छोटी वनस्पती सह्याद्रीबाहेर कुठंच सापडत नाही, पण तिचं खोड फित्यात येण्याजोगं नाही.

आता एचसीव्ही. ही पद्धत १९९९ मध्ये एफएससी या लाकूड प्रमाणित करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं आणली. सुरुवातीला ती फक्त जंगलासाठी होती, पुढे गवताळ आणि पाणथळ जागांनाही लागू झाली. ती सहा गोष्टी पाहते: दुर्मिळ जीवजाती, सलग मोठा भूप्रदेश, दुर्मिळ परिसंस्था, पाणी-माती धरून ठेवण्यासारख्या सेवा, लोकांच्या मूलभूत गरजा आणि श्रद्धा-संस्कृती. यांची बेरीज करून गुण देत नाहीत. सहापैकी एक जरी ठामपणे दिसलं तरी ती जागा जपण्याजोगी ठरते.

मला यातली चौथी आणि पाचवी बाब सगळ्यात मोलाची वाटते. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसं गेली. गावाच्या डोक्यावरचा उतार आणि त्यावरचं रान हा स्वतंत्र प्रश्न म्हणून तपासायला लावणारी पद्धत आपल्याला हवीच आहे. गरजांचंही तसंच. जुन्नर-आंबेगावच्या महादेव कोळी घरांना बाळहिरड्यातून, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या फळांतून, रोख पैसा मिळतो. भातशेतीत राब, म्हणजे रोपं टाकायची जमीन, भाजायला टहाळ म्हणजे पानांसकट फांद्या लागतात. बाहेरून आलेला माणूस तोडलेल्या फांद्या बघून ‘जंगलाचं नुकसान’ असं लिहून मोकळा होतो. एचसीव्ही मात्र आधी विचारायला लावते की ही गरज कुणाची आणि तिला दुसरा पर्याय आहे का.

तिची कमजोरीही तितकीच खरी आहे. पहिल्या दोन बाबींसाठी जागतिक, प्रादेशिक किंवा राष्ट्रीय पातळीचं महत्त्व दाखवावं लागतं. दोन एकरांची राई तिथं सहज मागे पडते. अभ्यास करायला बाहेरचे जाणकार लागतात, खर्च येतो आणि अहवाल बहुधा इंग्रजीत असतो. मुख्य म्हणजे आपल्याकडे त्या अहवालाला स्वतःचं कायदेशीर बळ नाही. माल घेणारी कंपनी किंवा प्रमाणपत्र देणारी संस्था तो मागत असेल तर जरूर करा. तहसील कचेरीत त्यावर कुणी फारसं विसंबणार नाही.

नोंदवहीचं तसं नाही. २००२ चा जैवविविधता कायदा आणि त्याखालचे नियम यांनुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकांशी बोलून ही वही करणं तिचं कामच आहे. त्याच कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली राज्य सरकार जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करू शकतं. पुण्यातल्या गणेशखिंड उद्यानाला तो दर्जा २०२० मध्ये मिळाला.

म्हणून आधी ग्रामपंचायतीत जाऊन तुमची वही मागा, कारण ती बहुधा आधीच झालेली असेल. जानेवारी २०२० अखेर वह्या पूर्ण करा, नाहीतर फेब्रुवारीपासून महिना १० लाख भरा, असा राष्ट्रीय हरित लवादाचा राज्यांना आदेश होता. त्या घाईत पुष्कळ ठिकाणी नुसत्या याद्या भरल्या गेल्या. एका गावाची वही मी पाहिली तेव्हा त्यात शेजारगावची यादी जशीच्या तशी उतरवलेली होती, आणि आपली राई तिच्यात नाही हे त्या गावाला ठाऊकच नव्हतं. अशी वही दुरुस्त करता येते. झाडांची नावं गावच्या बोलीत लिहा. एचसीव्हीचे सहा प्रश्न एकेका पानावर घ्या. झरा कुणाला पुरतो, राईतली काडी कोण उचलत नाही आणि का, हिरडा कुठल्या घरांचा आधार आहे, हे सांगणाऱ्यांकडून ऐकून नोंदवा. शेवटी ग्रामसभेचा ठराव जोडा.

राईची जमीन वनखात्याची असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचा दावाही सोबत लावा. वहीतल्या नोंदी तिथंही उपयोगी पडतात.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत सभा ठेवू नका, बाया सगळ्या खाचरात असतात आणि पाण्याचं नि सरपणाचं खरं उत्तर त्यांच्याकडेच असतं. राईत दोन फेऱ्या तरी मारा. एक श्रावण-भाद्रपदात, जमिनीवरची आमरी (ऑर्किड) आणि कंद वर आलेले असताना. दुसरी वैशाखात, झऱ्याला किती पाणी उरलंय ते बघायला.