आउटबोर्डने दम सोडला: कार्ब्युरेटर साफ करायचा, टाकी धुवायची की सेपरेटर बसवायचा?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. पर्यटकांच्या होड्याही पावसाळाभर किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या. नारळी पौर्णिमेनंतर त्या पाण्यात उतरल्या की मालवणपासून अलिबागपर्यंत एकच तक्रार ऐकू येते: जेटीपाशी आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, मस्त फिरतं, पण खाडीच्या तोंडाशी रेस दिली की गुदमरतं. यावर मिस्त्रीचं उत्तरही ठरलेलं असतं, "कार्ब्युरेटर साफ करू," म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग धुवू. कधी त्याने काम होतं. बऱ्याचदा मात्र चार दिवसांत इंजिन पुन्हा तसंच रडू लागतं, कारण घाण टाकीतून येत असते आणि साफ होतो तो फक्त तिचा शेवटचा मुक्काम.

पैसे कुठे घालायचे हे ठरवण्याआधी दोष इंधनाचाच आहे ना, ते पाहून घ्या. इंजिनाचा आवाज चढतो पण होडी पुढे सरकत नाही, तर प्रोपेलरच्या आतलं रबर सुटलेलं असू शकतं. इंजिन थंड करून मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली असेल तर इंजिन तापतंय. बरीच नवी इंजिनं तापली की आपणहून आरपीएम खाली आणतात. ही दोन्ही लक्षणं नसतील तरच इंधनाकडे वळा.

मग पाइपमधला रबरी हातपंप बघा. इंजिन मान टाकत असताना एकाने थ्रॉटल धरावा, दुसऱ्याने पंप दाबत राहावं. दाबताक्षणी जोर परत आला तर इंधन कमी पोहोचतंय: इंजिनावरच्या पंपाचा पडदा थकलाय, किंवा पाइपच्या जोडातून हवा आत शिरतेय. हातपंप आपोआप चपटा होत असेल तर अडथळा हातपंप आणि टाकी यांच्यामध्ये आहे. अशा वेळी सगळ्यात आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद राहिल्यामुळे इंजिन खोलून ठेवल्याचे प्रकार बंदरावर कमी नाहीत. दाबूनही फरक पडला नाही, तर पेट्रोलमध्येच काहीतरी मिसळलंय किंवा कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, तुंबलाय. या तिसऱ्या स्थितीत खरी निवड करायची वेळ येते.

कार्ब्युरेटर की टाकी?

हे काचेच्या बरणीवर ठरवता येतं. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून त्यातलं पेट्रोल एका बरणीत घ्या. टाकीच्या अगदी तळातलं दुसऱ्या बरणीत. अर्धा तास हलवू नका. टाकीचा नमुना स्वच्छ आणि वाटीतला पिवळट, चिकट असेल तर पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये पडून राहून शिळं झालंय, आणि मिस्त्रीचं म्हणणं बरोबर. इंजिन मंद वेगात बंद पडतं पण जोरात फिरवलं की सुधारतं, ही खूणही तिकडेच बोट दाखवते, कारण आधी तुंबतो तो मंद वेगाचा बारीक जेट. अशा वेळी कार्ब्युरेटर साफ करून घ्या, एवढंच सांगा की जेटमध्ये तार खुपसू नका. भोक किंचित मोठं झालं तरी मिश्रणाचं प्रमाण कायमचं बिघडतं.

टाकीच्या बरणीत दोन थर दिसले, मध्ये स्पष्ट रेघ, तर कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी टाकी रिकामी करायची. इथे जरा थांबतो, कारण गैरसमज इथेच होतात.

फेब्रुवारी २०२३ पासून आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पसरलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते आपल्यात सामावून घेतं आणि ते इंजिनात जळूनही जातं. मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं. २५ लिटरच्या टाकीत ५ लिटर इथेनॉल असतं. त्यातलं बरंचसं खाली गेलं की तळाचा थर काही थेंबांचा उरत नाही, आणि इंधन ओढणारी नळी नेमकी त्याच थरात बुडालेली असते. टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्येच मिसळलेलं ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. म्हणजे इंजिन नुसतं अडखळत नाही, विना ऑइल चालतं. पिस्टन धरला, म्हणजे जाम झाला, तर त्या खर्चापुढे बाकी सगळं किरकोळ.

तरी सगळा दोष इथेनॉलच्या माथी मारायचं कारण नाही. हवेतल्या दमटपणाने इतकं पाणी साठायला फार वेळ लागतो. ते येतं झाकणाच्या चिरलेल्या वॉशरमधून, उघड्या स्क्रूतून आणि पावसात कॅनमधून पेट्रोल ओतताना. आणखी एक: इथेनॉलमुळे जोर कमी होतो तो थोडासा आणि कायमचा असतो. काल ठीक चालणारं इंजिन आज एकदम बसलं, तर कारण वेगळं शोधा.

बाटलीतला उपाय

"पाणी घालवणारं" द्रव्य टाकीत ओतायचा सल्ला सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात जास्त मिळतो. त्यातली बरीचशी अल्कोहोलवर आधारित असतात. ज्या पेट्रोलमध्ये आधीच पाचवा हिस्सा अल्कोहोल आहे, त्यात बाटलीभर आणखी घालून काय मिळवणार? एकदा वेगळे झालेले थर त्याने भरवशाने एकत्र येत नाहीत. स्टॅबिलायझर ही निराळी गोष्ट. ताज्या पेट्रोलमध्ये, होडी बंद ठेवण्यापूर्वी घातला आणि नंतर इंजिन थोडा वेळ चालवलं, तर चिकटा धरायला उशीर होतो. बिघडलेलं पेट्रोल तो सुधारत नाही. त्याचा काळ मे महिना, ऑगस्ट नव्हे.

सेपरेटर कुणाला परवडतो?

पाणी वेगळं करणारा फिल्टर टाकी आणि हातपंप यांच्यामध्ये, उभा बसवतात. आउटबोर्डसाठी सहसा १० मायक्रॉनचा. खाली पारदर्शक वाटी असलेला घ्या, सकाळी निघताना नुसती नजर टाकली तरी पाणी दिसतं. पण झाकलेल्या, बंद इंजिनघरासाठी प्लास्टिकची वाटी घेऊ नका, तिथे धातूचीच हवी.

त्याची मर्यादाही लक्षात घ्या. मोकळं पाणी तो अडवतो, इथेनॉलमध्ये विरघळलेलं नाही. थर वेगळे झालेल्या टाकीला जोडला तर थोड्याच वेळात काठोकाठ भरेल. म्हणून "सेपरेटर आहे, टाकी कशाला धुवायची" हे गणित चुकीचं. आधी टाकी, मग सेपरेटर.

रोज टाकी भरून संध्याकाळपर्यंत संपवणारा, साध्या कार्ब्युरेटरची १५ एचपी टू-स्ट्रोक चालवणारा मच्छीमार असेल, तर माझ्या मते तो सेपरेटरवाचून निभावेल. झाकणाचा वॉशर नवा, पाइप नवा आणि भरताना बारीक जाळीची नरसाळी एवढं पाळावं. पाइपकडे दुर्लक्ष नको. जुन्या रबराचं आतलं अस्तर इथेनॉलने सुटतं, त्याचा पापुद्रा झडपेसारखा उघड-बंद होतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. शनिवार-रविवारपुरती होडी काढणाऱ्याने, किंवा पर्यटकांना लांब नेणाऱ्याने, सेपरेटर बसवावाच.

फ्यूएल इंजेक्शनची, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणारी, फोर-स्ट्रोक असेल तर चर्चेला जागाच नाही. तिथे पाणी उच्च दाबाचा पंप आणि इंजेक्टर गंजवतं, आणि ते काम बंदरावर पान्याने होत नाही. बऱ्याच आउटबोर्डांच्या पुस्तिकांत १० टक्के इथेनॉलपर्यंतच परवानगी असते. नवं इंजिन घेताना विक्रेत्याला २० टक्क्यांबद्दल विचारा आणि उत्तर वॉरंटीच्या कागदावर लिहून मागा.

काढलेल्या पेट्रोलचं काय? वरचा थर स्वच्छ दिसतो, म्हणून स्कूटरमध्ये ओतायचा मोह होतो. इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेन, म्हणजे ठोके न देता जळण्याचा गुण, घसरलेला असतो, टू-स्ट्रोकच्या टाकीतलं असेल तर ऑइलही मिसळलेलं. खाडीत तर मुळीच ओतू नये. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, होडीत ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाच्या फळ्यांखाली साचून राहते.