डीबी बदलताना: मेनला एकच आरसीसीबी की प्रत्येक सर्किटला आरसीबीओ?

डीबी म्हणजे घरातल्या सगळ्या सर्किटांचे खटके असलेली पेटी. एमसीबी हा त्यातला ओव्हरलोड किंवा शॉर्ट झाला की पडणारा खटका, आरसीसीबी हा करंट अर्थला गळला की पडणारा, आणि आरसीबीओ म्हणजे दोन्ही कामं एकात. शॉकपासून वाचवायच्या कामात आरसीसीबी आणि आरसीबीओ सारखेच, हे आधीच सांगून टाकतो. मेनला ३० मिलिअँपिअरचा एक आरसीसीबी लावा किंवा प्रत्येक सर्किटवर तेवढ्याच मिलिअँपिअरचा आरसीबीओ लावा. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला का, एवढाच हिशोब दोघं ठेवतात आणि तफावत दिसली की ट्रिप होतात. डीबी बदलायला निघालेल्या माणसाला एवढं ठाऊक असतंच. फरक कळतो तो नंतर, पावसाळ्यात रात्री घर अंधारात असतं आणि दोष नेमका कुठे आहे ते शोधायचं असतं तेव्हा.

आमचं घर चिपळूणकडचं. वायरिंग जुनं, पुढे पडवी, अंगणात दिवा, मागे विहिरीवर पंप. जूनपासून भिंती ओल धरतात आणि जॉइंट बॉक्समध्ये मुंग्या घर करतात. आधी काही वर्षं एकच आरसीसीबी होता, आता आरसीबीओ आहेत. म्हणजे माझं मत याच एका घरावरून बनलेलं आहे. कोरड्या गावातल्या नव्या फ्लॅटवाल्याने ते थोडं हात राखूनच घ्यावं.

एकट्या आरसीसीबीची बाजू तशी भक्कम आहे. खर्च एकदाच, जुन्या डीबीत बहुतेक वेळा जागा निघते, वायरिंगला फारसा हात लावावा लागत नाही. दोष शोधायची रीतही सोपी. सगळे एमसीबी खाली करायचे, आरसीसीबी वर करायचा, मग एकेक एमसीबी वर करत जायचं. ज्याच्यावर ट्रिप झाला ते सर्किट. मग त्या सर्किटवरचे प्लग काढून पुन्हा तेच. गिझरची कॉइल फुटलेली असो, मिक्सरमध्ये पाणी गेलेलं असो, नाहीतर वॉशिंग मशिनच्या मोटारीत लीकेज असो. फेज अर्थला लागलाय अशा जातीचा दोष असा पाच-दहा मिनिटांत सापडतो. यात कुठलंही झाकण उघडावं लागत नाही, म्हणून घरातल्या कुणीही करावं. फक्त जळका वास येत असेल किंवा डीबीवर ओल उतरली असेल तर खटके वर-खाली करत बसू नये, मेन बंद करून माणूस बोलवावा.

आता ती कटकट, जिच्यामुळे मी दुसऱ्या बाजूला गेलो. एका जुलैत आमचा आरसीसीबी गिझर लावला की पडायला लागला. दिवे-पंखे चालू असले तर निवांत राहायचा, गिझरला मात्र टिकायचा नाही. संशय अर्थातच गिझरवर. वायरमनने कॉइल सोडवून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला, तर कॉइल ठणठणीत. गिझर बंद ठेवून इस्त्री लावली, तरी कधी पडायचा, कधी नाही. वरची रीत इथे गिझरकडेच बोट दाखवत राहिली, कारण दोष गिझरच्या सर्किटवर नव्हताच. तो होता पडवीच्या दिव्याच्या जॉइंट बॉक्समध्ये, जिथे न्यूट्रलचा उघडा जॉइंट अर्थच्या वायरीला टेकला होता आणि दोन्हींवर हिरवट गंज धरला होता. आणि तो दिवा त्या सगळ्या काळात बंद होता. त्याचा एमसीबीसुद्धा खाली होता.

हे असं होतं कारण आपल्याकडचे बहुतेक घरगुती एमसीबी सिंगल पोलचे. ते फक्त फेज तोडतात. भिंतीवरचा स्विचही फेजच तोडतो. न्यूट्रल डीबीतल्या लिंकला, म्हणजे सगळे न्यूट्रल एकत्र जोडायच्या पट्टीला, कायम जोडलेलाच राहतो. गिझरसारखा मोठा लोड लागला की न्यूट्रल अर्थच्या मानाने दोन-चार व्होल्ट वर सरकतो. तेवढ्यावर माणसाला काहीच जाणवत नाही. पण न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये वीस ओहमची वाट उघडी असेल, तर २ व्होल्टला १०० मिलिअँपिअर तिकडून निघून जातात. आरसीसीबीला तीस पुरतात. म्हणजे पडतो गिझरमुळे आणि गुन्हेगार असतो पडवीचा बंद दिवा. एमसीबी कितीही वर-खाली करा, हा दोष हाती लागत नाही.

तो शोधायचा तर डीबी उघडून न्यूट्रल लिंकवरून एकेक न्यूट्रल सोडवत जावं लागतं, आणि हे घरच्या माणसाचं काम नाही. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या मीटरकडच्या टोकांवर २३० व्होल्ट असतातच. इन्व्हर्टर असेल तर आणखी एक फसगत: मेन बंद होताच तो इमानदारीने चालू होतो आणि घरातले निम्मे पॉइंट जिवंत ठेवतो. त्यामुळे आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन बंद. मग सप्लाय नक्की चालू असलेल्या पॉइंटवर टेस्टर पेटवून बघायचा, नंतर काम करायच्या जागी लावायचा, आणि शेवटी पुन्हा त्याच चालू पॉइंटवर. त्यासाठी तो पॉइंट वेगळ्या सप्लायवरचा हवा. टेस्टर पेटला नाही एवढ्यावर वायरीला हात लावणारे लोक मी पाहिले आहेत. टेस्टरच गेलेला असू शकतो.

तरीही ही सगळी दगदग चालवून घेतली असती. नको वाटलं ते पुढचं वाक्य. अख्खं घर अंधारात, फ्रिज बंद, बाहेर पाऊस, आणि वायरमन म्हणतो, "पावसापुरता डायरेक्ट करून देतो, दिवाळीला बघू." आरसीसीबी बायपास. त्या क्षणी घरातला कुणीही हो म्हणेल, आणि नंतर ती दिवाळी येतच नाही. एकाच आरसीसीबीत मला हीच खोट वाटते: बिघाड एका कोपऱ्यात असतो आणि शिक्षा सगळ्या घराला, त्यामुळे ज्याने जीव वाचवायचा तोच आधी काढला जातो.

आरसीबीओ लावल्यापासून पडवीत ओल गेली तर पडवी जाते. बस. स्वयंपाकघर चालू, फ्रिज चालू, आणि कुठला खटका पडलाय ते डीबीसमोर उभं राहून दिसतं. वायरमनला फोनवर सांगता येतं की अंगणाचं सर्किट आहे, उद्या ये, घाई नाही. दुसरा फायदा जरा आडून येतो. कॉम्प्युटर, एलईडीचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर एसी हे सगळे नीट चालू असतानाही थेंबभर करंट अर्थला सोडतात. एकाच आरसीसीबीवर ते थेंब साठतात. त्यात ३० चा आरसीसीबी पंधराच्या पुढे कधीही पडला तरी तो नियमातच बसतो. म्हणून काही घरांत तो विनाकारण पडतोय असं वाटतं. सर्किटं वेगळी झाली की ती बेरीज फुटते.

पण आरसीबीओ सुखासुखी बसत नाहीत, हेही सांगायला हवं. एकेकाची किंमत जवळपास आरसीसीबीच्या घरात जाते आणि डबल पोलचा प्रत्येक आरसीबीओ एमसीबीच्या दुप्पट जागा खातो. म्हणजे डीबी मोठा हवा. खरी मेहनत न्यूट्रलची. जुन्या वायरिंगमध्ये जिन्याच्या दिव्याला फेज खालच्या सर्किटचा आणि न्यूट्रल वरच्याचा, असले उसनवारीचे प्रकार सर्रास असतात. आरसीबीओ लावला की तो दिवा पेटवताक्षणी दोन्ही मजल्यांचे खटके पडतात. इन्व्हर्टरचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असेल तरी तेच. इन्व्हर्टरचं हे मिसळणं आरसीसीबीलाही खपत नाही, पण इथे तर मुळीच नाही. आमच्याकडे आरसीबीओ बसवायला लागला त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ न्यूट्रल वेगळे करण्यात गेला. वायरमन चिडला होता, आणि त्याचं चुकत नव्हतं.

एवढा व्याप नको असेल तर मधली वाट आहे: दोन आरसीसीबी. बाथरूम, गिझर, वॉशिंग मशिन, पंप आणि बाहेरचे दिवे एकावर. बाकी घर आणि फ्रिज दुसऱ्यावर. भाड्याच्या घरात किंवा वायरिंग चार-पाच वर्षांत बदलायचंच असेल तर मीही कदाचित हेच करेन. स्वतःच्या घरात, आणि तेही कोकणातल्या, ओल्या सर्किटांना तरी आरसीबीओ घ्यावेत असं माझं मत झुकतं. सगळ्यांना एकदम लावायची सक्ती नाही.

दोन्हींकडून काही गोष्टींची अपेक्षा मात्र ठेवू नये. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला, तर अर्थकडे काहीच जात नाही आणि दोघांनाही पत्ता लागत नाही. सैल जॉइंट तापून सॉकेट काळं पडत असेल तर तेही त्यांना दिसत नाही. टेस्टचं बटण दाबून आरसीसीबी पडला याचा अर्थ अर्थिंग चांगलं आहे असा होत नाही. ते बटण अर्थिंग नसलेल्या घरातही काम करतं.

दुकानात आरसीबीओ मागताना दोन्ही पोल तोडणारा आहे का ते विचारा. काही बारीक मॉडेलमध्ये न्यूट्रल सरळ आरपार जातो आणि मग पडवीची तीच गोष्ट उरते: खटका पडला तरी दोष लिंकला चिकटूनच. इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशिन असल्या उपकरणांसाठी ए टाइपचा (अर्थला जाणारा धक्क्याधक्क्याचा डीसी करंटही ओळखणारा) मागा. आरसीबीओंच्या मागे मेनला ३० चाच आरसीसीबी ठेवलात तर दोन्ही एकदम पडू शकतात आणि पैसे वाया. तिथे १०० किंवा ३०० चा, तोही उशिरा पडणारा एस टाइपचा हवा. काम मे महिन्यातच उरकून घ्या. पहिला पाऊस झाला की वायरमन फोन उचलत नाहीत.