नागपूरच्या उन्हात लिक्विड-कूल्ड गाडी: वापरानंतरचा अनुभव

दिवाळीत २०० सीसीची लिक्विड-कूल्ड बाईक घेतली (इंजिनाभोवती कुलंट नावाचा द्रव फिरतो आणि समोरच्या रेडिएटरमध्ये गार होतो), तेव्हापासून रोज चालवतोय. पिकअप, मायलेज झकास. पण भेटेल तो विचारतो, “इंजिन तापतं का?” म्हणून त्याबद्दलच लिहितो.

थंडीत काही जाणवलं नाही. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला तेव्हा खरा कस लागला. वर्धा रोडवर गाडी पळत असेपर्यंत टेम्परेचरची काडी मध्यावरच. सीताबर्डीच्या गर्दीत अडकलं की ती वर सरकते, रेडिएटरचा फॅन घोंघावतो आणि गरम झोत थेट पोटरीवर येतो. चांगलाच चटका बसतो. पण फॅनमुळे काडी पुन्हा खाली येते. फॅन लागला म्हणून घाबरून गॅरेज गाठू नका. इंजिन तापणारच, कारण पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होते. एअर-कूल्ड इंजिनाची सगळी भिस्त वाऱ्यावर, त्यामुळे माझी जुनी १५० सीसी जाममध्ये तापली की गिअरसुद्धा नीट पडत नसत.

जूनमध्ये मात्र काडी चालत्या गाडीत लाल खुणेकडे निघाली. हे लक्षण वाईट. वारा मिळत असूनही इंजिन तापतंय, म्हणजे कुलंट कमी असेल, थर्मोस्टॅट (कुलंटची वाट उघडणारी झडप) अडकला असेल किंवा रेडिएटर चोंदला असेल. रेडिएटरच्या जाळीत बोट घातलं तर खोदलेल्या रस्त्यांचा चिखल वाळून घट्ट बसलेला. शिवाय आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये कुलंटच्या जागी साधं पाणी टाकलेलं! याचा मला खरंच संताप आला. क्षाराच्या पाण्याने आत थर धरतो, गंज चढतो. सिस्टिम धुऊन कंपनीने सांगितलेलं कुलंट भरलं, तेव्हापासून गाडी शांत आहे.

जाळी धुताना प्रेशरचा पाइप जवळ धरू नका, पातळ पत्र्या दुमडतात. गरम इंजिनावर रेडिएटरची टोपी तर अजिबात उघडू नका, दाबाखालचं उकळतं कुलंट अंगावर उडतं. ऑईल जासो एमए२ (बाईकच्या क्लचला चालणारा दर्जा) चंच घ्या. कारच्या काही ऑईलनी बाईकचा क्लच घसरतो, मग तापणं आलंच.

रोज शहरातल्या जाममधून जायचं असेल तर ही गाडी बिनधास्त घ्या. गावाकडे, गॅरेज लांब असेल तिथे मात्र मी आजही एअर-कूल्डच सुचवेन.