जुन्या सीबी रेडिओचा रिसीव्हर सुधारायचाय? प्रीअँप्लिफायर, अरुंद फिल्टर की अलाइनमेंट

अमेरिकेत गॅरेज सेलमध्ये जुना सीबी संच, म्हणजे सामान्य नागरिकांसाठीचा बोलण्याचा रेडिओ, अजूनही सहज हाती लागतो. १९७४ मध्ये महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली आणि ट्रकवाल्यांनी हा २७ मेगाहर्ट्झचा पट्टा गाजवला. १९७७ पासून चॅनलांची संख्या २३ वरून ४० झाली. त्या काळातले कितीतरी संच आजही चालतात. असा संच घरी आणला की पहिला प्रश्न पडतो तो हा, की याचे कान आणखी तीक्ष्ण कसे करायचे? त्यासाठी मुख्यतः तीन बदल सुचवले जातात. अँटेनाकडचा पहिला ट्रान्झिस्टर बदलणे किंवा त्याच्या आधी सिग्नल वाढवणारा प्रीअँप्लिफायर लावणे, मधला ४५५ किलोहर्ट्झचा सिरॅमिक फिल्टर (हवा तो चॅनल ठेवून शेजारचे अडवणारा) बदलणे आणि संच नव्याने अलाइन करणे, म्हणजे आतली सर्किटं पुन्हा नेमकी जुळवणे.

आधी एक चाचणी करा. बोलणं नसलेला चॅनल लावा, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारा नॉब) पूर्ण उघडा आणि मागून अँटेनाची वायर काढा. खरखर एकदम कमी झाली, तर तुमच्या संचाला बाहेरचा गोंगाट आधीच पुरेसा ऐकू येतोय आणि संवेदनशीलता वाढवून हाती काही लागणार नाही. खरखर तेवढीच राहिली, तर संच बहिरा झालाय. ही अर्ध्या मिनिटाची चाचणी न करता सोल्डरिंग गन तापवू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

यामागचं गणित सोपं आहे. या पट्ट्यावर वाहनं, वीजवाहिन्या, चार्जर आणि आकाशगंगा यांचा मिळून येणारा गोंगाट बराच मोठा असतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या आलेखांप्रमाणे २७ मेगाहर्ट्झला तो शहरात औष्णिक पातळीच्या (उष्णतेमुळे कुठेही असणाऱ्या किमान गोंगाटाच्या) सुमारे ३७ डेसिबल वर असतो आणि खेड्यात सुमारे २७-२८. समजा रिसीव्हरचा नॉइज फिगर (त्याने स्वतः घातलेल्या गोंगाटाचं माप) १० डेसिबल आहे आणि भारी ट्रान्झिस्टर टाकून तुम्ही तो २ वर आणलात. खेड्यातसुद्धा एकूण गोंगाटात दशांश डेसिबलचाही फरक पडत नाही.

मग प्रीअँप्लिफायर लावणाऱ्याला फरक का जाणवतो? सुई उडते म्हणून. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचं एक एकक म्हणजे ६ डेसिबल, त्यामुळे २० डेसिबलचा गेन लावला की सुई तीन एककांहून जास्त पुढे जाते. पण सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वर जातो, आणि समजण्याजोगं बोलणं होतं तेवढंच राहतं. मी स्वतः प्रीअँप्लिफायरची एक छोटी सर्किटपट्टी जोडली होती. दोन दिवस सुई बघून समाधान वाटलं. तिसऱ्या संध्याकाळी दोन गल्ल्या पलीकडचा एक जण जोरात बोलायला लागला आणि त्याचा आवाज मला पाच चॅनलवर ऐकू आला. मिक्सरला (आलेला सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणणाऱ्या भागाला) सहन होईल त्यापेक्षा जास्त सिग्नल मी त्याच्या तोंडात कोंबला होता. पट्टी काढली आणि बाकीचे चारही चॅनल मोकळे झाले. शिवाय संच त्याच वायरवरून ४ वॅट बाहेर टाकतो. बोलताना प्रीअँप्लिफायरला वगळणारा रिले नसेल, तर पहिल्याच वाक्याला तो जळतो.

फिल्टरची गोष्ट वेगळी. चॅनलांमधलं अंतर १० किलोहर्ट्झ आणि एएम सिग्नलला मुभा ८ किलोहर्ट्झ रुंदीची, म्हणजे शेजारी अगदी भिंतीला भिंत लावून बसलेले. मुराताच्या सीएफयू४५५ मालिकेत शेवटचं अक्षर रुंदी सांगतं: जी म्हणजे ±४.५, एच म्हणजे ±३ आणि आय म्हणजे ±२ किलोहर्ट्झ. तुमच्या संचात जी असेल, तर एच लावा. माझ्या अनुभवात इतक्या थोड्या पैशात एवढा फरक पाडणारा दुसरा बदल नाही. दोन्हींचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) २ किलोओहम असल्याने बाकी सर्किटला हात लावावा लागत नाही. सहा घटकांचा सीएफडब्ल्यू४५५एच शेजाऱ्याला आणखी चांगला अडवतो, पण तो आकाराने मोठा असतो, म्हणून आधी फूटपट्टीने जागा मोजा.

आय मात्र एएमसाठी मी सुचवणार नाही. सीबीला फ्रिक्वेन्सीत ०.००५ टक्के सूट आहे, म्हणजे इथे सुमारे १.३५ किलोहर्ट्झ. समोरचा तेवढा सरकलेला असला, तर एका बाजूला जेमतेम ०.६५ किलोहर्ट्झ उरतं. आवाज रजईखालून आल्यासारखा होतो, ‘स’ आणि ‘श’ गायब होतात. आणि शेजारच्या चॅनलवरचा कोणी ओव्हरमॉड्युलेट करत असेल, म्हणजे प्रमाणाबाहेर आवाज चढवत असेल, तर त्याचा कचरा थेट तुमच्या चॅनलमध्येच पडतो. तिथे कुठलाच फिल्टर कामाचा नाही.

अलाइनमेंट दिसायला किरकोळ, पण चाळीस वर्षांच्या संचात सगळ्यात आधी करायची तीच. सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला, मग सिग्नल जनरेटरवरून कमकुवत सिग्नल देऊन आयएफच्या (मिक्सरनंतरच्या टप्प्याच्या) कॅन, म्हणजे आत कॉइल असलेल्या धातूच्या छोट्या डब्या, एकेक करून जुळवा. प्लॅस्टिकचाच स्क्रू-ड्रायव्हर घ्या. लोखंडी टोकाने कॉइलमधला फेराइटचा कोअर तडकतो आणि कॅनच्या आत अडकून बसतो. कोअर हलका फिरवायचा, पाव फेऱ्याच्या आतच शिखर सापडतं. वरच्या चाचणीत बहिरे निघालेले बरेच संच इथेच बरे होतात. फक्त एस-मीटरची सुई जुळवणारा पॉट फिरवून ‘रिसीव्ह वाढवून’ देणाऱ्याला पैसे देऊ नका. त्याने सुई हलते, रिसीव्हर होता तिथेच राहतो.

गाडीत बसवणार असाल, तर इंजिनाच्या टकटकीसाठी नॉइज ब्लँकर (क्षणिक ठोके आले की रिसीव्हर क्षणभर बंद करणारं सर्किट) असलेला संच निवडा. तो ठोका अरुंद फिल्टरच्या आधी कापतो, कारण फिल्टरमधून गेलेला ठोका पसरट होतो. मोबाइल चार्जरच्या सलग गुणगुणीवर मात्र तो चालत नाही. तिथे वीज थेट बॅटरीवरून घ्या आणि चार्जरच्या वायरला फेराइटची कडी लावा.

थोडक्यात निवड अशी. शहरात किंवा महामार्गाजवळ राहत असाल, तर अलाइनमेंट आणि एच फिल्टर. दूर माळावर राहत असाल आणि अँटेना काढूनही खरखर बदलत नसेल, तर आधी अलाइनमेंट आणि अँटेनाची केबल तपासा, त्यानंतरच पुढच्या ट्रान्झिस्टरचा विचार. हे सगळं रिसीव्हरपुरतंच ठेवा. ट्रान्समीटरमध्ये किंवा क्लॅरिफायरच्या (फ्रिक्वेन्सी किंचित सरकवणाऱ्या नॉबच्या) सर्किटमध्ये बदल केलात तर एफसीसीचं (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचं) प्रमाणन जातं. संच भारतात न्यायचा असेल, तर तिथली परवानामुक्त मर्यादा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे अमेरिकन ४० पैकी पहिले २७ चॅनलच तिच्यात बसतात.

फिल्टर बदलताना शोषक वेणीने पाचही पाय मोकळे करा, ओढू नका, तांब्याचा पट्टा उखडतो. काढलेला जुना फिल्टर कागदाच्या पुडीत घालून वर तारीख लिहा आणि संचाच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा.