सेल्फ वॉटरिंग कुंडी: होयाला नको एवढे लाड

टांगायची ही कुंडी मी होयाच्या वेलीसाठी घेतली. तळाशी पाण्याचा कप्पा, त्यातून वर मातीत जाणारी वात. चार दिवस बाहेर गेलं तरी काळजी नको, असा हिशेब. पण होयाची पानं जाड, पाणी साठवणारी. माती वाळल्याशिवाय तिला पाणी नकोच असतं. महिनाभरात खालची पानं पिवळी पडली. उपसून पाहिलं तर निम्मी मुळं काळी, लिबलिबीत. वात काढून टाकली, मातीत परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) घातलं, तेव्हा कुठे वेल सावरली. आता गेल्या वर्षीच्याच देठावर मेणाच्या चांदण्यांसारखा झुपका आलाय. (फुलं गळल्यावर तो देठ छाटू नका, पुढचा बहर तिथूनच येतो.) कुंडीचा हुक मात्र दणकट. मनी प्लांटवाल्यांनी खुशाल घ्यावी.