मंगळावर उतरायचं कसं: पिशव्या, पाय की दोर?

दिवाळीची सुट्टी संपली की तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाची गडबड सुरू होते. २०२३ मध्ये चांद्रयान-३ उतरल्यापासून बऱ्याच मुलांना ‘उतरणारं यान’च करायचं असतं. आपल्या गटाने मंगळ निवडला असेल, तर थर्माकोल कापायच्या आधी यान कुठल्या पद्धतीने उतरवायचं ते ठरवा. आजवर यशस्वी झालेल्या पद्धती मुख्यतः तीन: हवेच्या पिशव्या, पाय आणि दोर.

चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरचं मॉडेल रंगवून मंगळावर चालवू नका, परीक्षक पहिल्याच प्रश्नात धरतील. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे पॅराशूटचा उपयोग शून्य. मंगळावर हवा आहे, पण तिचा दाब आपल्या हवेच्या एक टक्क्याहूनही कमी. यान घर्षणाने तापवायला ती पुरते, पण त्याला पॅराशूटवर अलगद खाली आणायला पुरत नाही. नासाची क्युरिऑसिटी ही गाडी त्या हवेत शिरली तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे २१,००० किलोमीटर होता. तिथून जमिनीपर्यंतचा खेळ सात मिनिटांचा, आणि त्या दिवशी तिचा संदेश पृथ्वीवर पोचायला लागत होती जवळजवळ चौदा मिनिटं. इथून कुणी काही करू शकत नाही. म्हणून तिन्ही पद्धती तोलताना मी एकच प्रश्न धरतो: आपण टेकलो, हे यानाला कळतं कसं?

पिशव्यांच्या पद्धतीत हा प्रश्न जवळजवळ टळतो. नासाचं पाथफाइंडर यान १९९७ साली आणि स्पिरिट-ऑपॉर्च्युनिटी या दोन गाड्या २००४ साली अशाच उतरल्या. पॅराशूट, मग रॉकेटांचा शेवटचा ब्रेक, मग पॅराशूटचा दोर तोडून फुगलेल्या पिशव्यांसकट सरळ खाली आपटणं. पाथफाइंडरने निदान पंधरा उसळ्या घेतल्या. ऑपॉर्च्युनिटी तर गडगडत एका लहानशा विवरातच जाऊन बसली. उलटं पडलं तरी बिघडत नाही, कारण यानाभोवतीच्या पाकळ्या उघडल्या की यान आपोआप सुलटं होतं.

करायला हे मॉडेल सगळ्यात सोपं: फुगे, चिकटपट्टी, आत अंडं. पण ते शाळेच्या गुळगुळीत फरशीवर टाकून टाळ्या घेऊ नका. सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या माळावर न्या. कातळाच्या भोकांच्या कडा फुग्याला अशा लागतात की पहिल्याच उसळीत फट्. नासाच्या चाचण्यांतही टोकदार दगडांवर पिशव्या फाटल्या होत्या आणि कापडाचे थर वाढवावे लागले होते. तुम्हीही फुग्यांवर जुन्या साडीचा एक थर, मग दोन थर देऊन बघा आणि कितव्या थराला फुगा वाचला ते तक्त्यावर मांडा. ते खरं विज्ञान. पाचवी-सहावीच्या गटाला मी डोळे झाकून हेच सांगेन. मर्यादा वजनाची. स्पिरिट १८५ किलोच्या आसपास होती. त्याच्या कितीतरी पट जड गाडीला एवढ्या मजबूत पिशव्या लावायच्या, तर पिशव्यांचंच वजन डोईजड होतं. शिवाय स्पिरिटच्या वाटेत तिचीच पिशवी आडवी आली होती, म्हणून खाली उतरण्याआधी तिला जागच्या जागी वळावं लागलं.

पायांची पद्धत जुनी. १९७६ ची दोन्ही व्हायकिंग, २००८ चं फिनिक्स, २०१८ चं इनसाइट आणि चीनची २०२१ ची झुरोंग, सगळी इंजिनांवर तोलत पायांवर उतरली. झुरोंग ही गाडी, ती मग उतरंडीवरून खाली आली. मॉडेलसाठी माझी पहिली पसंती हीच, आणि तिचं कारण एक अपघात आहे.

डिसेंबर १९९९ मध्ये नासाचं मार्स पोलर लँडर हे यान मंगळावर उतरताना हरवलं. चौकशीतून निघालेला सर्वात संभाव्य निष्कर्ष असा: उंचावर असताना पाय उघडले, त्या झटक्याने सेन्सरने ‘टेकलो’ असा खोटा इशारा दिला, संगणकाने तो लक्षात ठेवला आणि जमीन अजून सुमारे ४० मीटर खाली असतानाच इंजिनं बंद केली. हे टेबलावर दाखवता येतं. पुठ्ठ्याच्या पायाला बिजागरी करा, रबर लावा, तळाशी दारावरच्या घंटीचं बटण आणि वर एक बझर. यान कप्पीवर टांगून दोरा ढिला करा. पाय खटकन उघडतो आणि यान हवेत असतानाच बझर ‘टीक’ करतो. आता मध्ये दुसरा स्विच घाला, जो पाय उघडून झाल्यावरच चालू होईल. खोटा इशारा बंद. परीक्षकाला भाषण द्यावं लागत नाही, त्याच्या हातात दोरा द्या.

पायाखाली दोन ट्रे ठेवा, एकात किनाऱ्यावरची वाळू, दुसऱ्यात जांभ्याचे तुकडे. वाळूत बारीक पाय रुततो, म्हणून तळाला बशी हवी. जांभ्यावर एक पाय चढतो आणि यान कलतं. व्हायकिंग-२ चंही असंच झालं होतं, ते सुमारे आठ अंश कललेलं होतं. (जांभा आणि मंगळाची धूळ, दोन्हींचा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे. ट्रेवर एक चिठ्ठी लावायला हरकत नाही.)

राहिला दोर, म्हणजे स्काय क्रेन. २०१२ साली ८९९ किलोची क्युरिऑसिटी आणि २०२१ साली १,०२५ किलोची पर्सिव्हिअरन्स अशा उतरल्या. वर रॉकेटांचा सांगाडा तरंगतो आणि त्यातून गाडी सुमारे साडेसात मीटरच्या दोरांवर खाली येते. चाकं थेट जमिनीला लागतात, उतरंड नको. विहिरीत सोडलेल्या कळशीसारखा झोका बसेल, ही भीती होतीच, म्हणून तीन दोर आणि सेकंदाला पाऊण मीटर इतका सावकाश वेग. टेकल्याचं कसं कळलं? गाडीचं वजन जमिनीने घेतलं की इंजिनांना कमी जोर पुरतो, संगणक तेवढंच बघतो. मग दोर कापले जातात आणि सांगाडा लांब जाऊन आपटतो.

दिसायला याच्यासारखं देखणं दुसरं नाही, म्हणूनच फसवं. नुसती गाडी तंगुसावर टांगून ठेवली तर ती शोभेची वस्तू झाली. दोर आणि कप्पी यांच्या मध्ये ताणकाटा बांधा. गाडी टेकताच काटा शून्यावर येताना दिसला पाहिजे, आणि तेव्हाच आकडा सुटून दोर मोकळा झाला पाहिजे. हे हाताने जमवणारं कुणी गटात असेल तरच या वाटेला जा. आकडा ऐनवेळी अडकतो, आणि अडकला की सांगायला काही उरत नाही.

शुक्राचा मोह झाला तर तिथलं गणित उलटं आहे. हवेचा दाब आपल्या नव्वद पट. १९८२ साली सोव्हिएत यान व्हेनेरा-१३ ने पॅराशूट उंचावरच सोडून दिलं, उरलेला ब्रेक एका रुंद तबकडीने लावला. पाण्याच्या टाकीत तबकडी सोडून ते दाखवता येईल, पण स्पर्धेला ते फार लवकर संपतं.

पॅराशूट लावणार असाल तर चाचणी सकाळी लवकर उरका. दुपारी खारे वारे सुटले की माडीवरून सोडलेलं यान शेजाऱ्यांच्या पोफळीत सापडतं.