ट्रॅकच्या चाकांना नट कोणते: ॲल्युमिनियम, टायटॅनियम की क्रोमोली?

कोल्हापुरात गाडीवर हौसेनं पैसे घालणारी मंडळी कमी नाहीत. मोहिते रेसिंगच्या कार्टिंग ट्रॅकवर हात बसला की पुढचं खूळ ठरलेलं असतं: स्वतःची स्विफ्ट तयार करायची आणि कोइमतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला न्यायची. रिम, टायर, ब्रेक पॅड यांवर महिनोन्महिने काथ्याकूट होतो. नट मात्र शेवटच्या आठवड्यात, रंग बघून घेतले जातात.

हे माझ्यासारख्यांसाठी लिहितोय, म्हणजे गाडी ट्रेलरवरून न नेता स्वतः चालवत नेणारे, ट्रॅकवर पळवणारे आणि त्याच चाकांवर घरी येणारे. आटे 12 × 1.25 चे की 1.5 चे (व्यास आणि दोन आट्यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये), बसण, म्हणजे नट रिमला टेकतो ती बाजू, 60 अंशांची की होंडासारखी गोल, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

माझ्याकडे आधी ॲल्युमिनियमचे होते, आता क्रोमोलीचे, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेल्या स्टीलचे, आहेत. टायटॅनियमचे मित्राच्या गाडीवर हाताळलेत.

ॲल्युमिनियमच्या बाजूनं बोलायचं तर चांगले नट 7075 मिश्रधातूचे, फोर्ज केलेले, म्हणजे दाबून घडवलेले, असतात. हातात घेतले की दुसरं काही घ्यावंसं वाटत नाही इतके हलके. सोळा नटांमागे अर्ध्या किलोच्या आसपास वजन वाचतं. पण हे वजन वाचतं कुठे, तर हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मध्यापासून 50 मिलिमीटरवर. टायरचा तळ मध्यापासून साधारण 300 मिलिमीटर लांब. चाक फिरवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गानं वाढतो, म्हणजे टायरच्या कडेचा एक ग्रॅम नटाजवळच्या 36 ग्रॅमांच्या तोडीचा. वजनासाठीच पैसे घालायचे असतील तर ते हलक्या टायरवर आणि रिमवर घाला. नटांवर वाचवलेलं वजन गाडीला कळत नाही, फक्त मालकाला कळतं.

तरीही मी ते नट बरेच दिवस वापरले, कारण दिसायला देखणे होते. सोडले ते एकाच कटकटीमुळे.

पिटमध्ये गाडी जॅकवरून उतरवायची, टॉर्क रेंच (ठरवलेला जोर आला की वाजणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावायचा, चारही नट आडव्या-उभ्या क्रमानं आवळायचे, ‘कट्ट’ ऐकायचं. इथवर ठीक. सेशन संपलं, रिम पूर्ण गार झाली, पुन्हा रेंच लावला की नट हलायचा. फार नाही, नखभर. आधी वाटलं नव्या रिमची बसण दबत असेल. पण रिम मुरल्यावरही तेच. आणि नट काढताना आट्यांतून बारीक करकर यायची, दळणात खडा आल्यासारखी. फडक्यावर नट आपटला की करडी पूड पडायची, थोडी ब्रेकची, थोडी ॲल्युमिनियमची. मऊ धातूचे आटे कडक स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या बोल्टवर, घासून हळूहळू खरवडले जात होते.

आता यात बिघडतं काय? रेंचवर आपण जी ताकद लावतो तिच्यातली साधारण 90 टक्के घर्षणातच जाते. निम्मी नटाच्या बसणीवर, 40 टक्के आट्यांत. स्टड ताणायला, म्हणजे चाक हबला घट्ट धरायला, उरते जेमतेम दहा टक्के. आट्यांतलं घर्षण 40 चं 45 झालं की त्या दहाचे पाच होतात. रेंच मात्र तितक्याच खणखणीतपणे ‘कट्ट’ म्हणतो. त्या आवाजावरचा माझा विश्वास उडाला. दर सेशनला ब्रशनं आटे साफ करा, पुसा, आवळा, गार झाल्यावर परत तपासा. आम्ही ट्रॅकवर गाडी पळवायला जातो की नट घासायला? शिवाय मदतीला आलेल्या पोरानं घाईत हवेची गन लावली तर कोपरे मारलेच म्हणून समजा.

उष्णतेचंही एक आहेच. 7075 हा साधारण 120 अंशांवर एजिंग करून, म्हणजे बराच वेळ तापवत ठेवून, कडक केलेला असतो. त्याच्या बराच वर जास्त वेळ राहिला तर ताकद उतरते. नट तितका तापतो का, हे मी मोजलेलं नाही. पुढच्या चाकांचे नट सेशननंतर हातात धरवत नाहीत, एवढं सांगू शकतो.

टायटॅनियमबद्दल थोडक्यात. ग्रेड 5 या टायटॅनियम मिश्रधातूची ताकद उत्तम, गंज नाही, वजन स्टीलच्या निम्म्याच्या जरा वर. पण कोरडा बसवला तर आटे एकमेकांना धरतात आणि नट स्टडसकट जाम होतो. म्हणून कॉपर पेस्ट लावायची, आणि ती लावली की वरचं गणित उलटं फिरतं: घर्षण कमी, त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. ज्याला हे सांभाळायचं आहे आणि किंमत टोचत नाही, त्यानं जरूर घ्यावेत. माझ्या खिशाला ते झेपणारे नाहीत, हेही कारण आहे.

क्रोमोलीच्या नटांत सांगण्यासारखं फारसं काही नाही, आणि तीच त्यांची मोठी बाजू. मी घेतलेले एकाच तुकड्यातले, आरपार उघडे, 19 च्या साध्या गोटीचे (सॉकेट पान्याचे) आहेत. सेशननंतर गार झाल्यावर रेंच लावला की नट जागचा न हलता ‘कट्ट’ होतं. दरवेळी होईलच असं छातीठोक सांगत नाही, तपासणं मी सोडलेलंही नाही. पण हलणारा नट आता क्वचित सापडतो. आरपार असल्यामुळे स्टड किती बाहेर आलाय ते डोळ्यांना दिसतं. बंद तोंडाच्या नटात लांब स्टड आतल्या बुडाला टेकतो, रेंच वाजतो आणि चाक सैलच राहतं. स्पेसर किंवा लांब स्टड घातले असतील तर बंद नट घेऊच नका.

साध्या गोटीचा आग्रह का? हायवे 48 वर रात्री पंक्चर झालं की समजतं. खाचांच्या खास किल्लीचे नट चोरापासून वाचवतात, पण ती किल्ली डिकीत सापडेपर्यंत पंक्चरवाला ‘साहेब, ह्याला आमचा पाना लागत न्हाई’ म्हणून दुसऱ्या गाडीकडे वळलेला असतो. पत्र्याची चकचकीत टोपी चढवलेले दोन तुकड्यांचे नटही नकोत. टोपीखाली पाणी जाऊन गंज फुगला की 19 ची गोटी चढत नाही आणि 20 ची गरागरा फिरते.

क्रोमोलीची खोट म्हणजे गंज. आपल्याकडचा पाऊस, त्यात गगनबावड्याकडे चक्कर झाली की उघड्या स्टडच्या टोकाला चिखल बसतो आणि आठवड्यात तांबूस होतो. मी पावसाळ्यात प्लास्टिकच्या टोप्या लावतो आणि नट काढण्याआधी बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशनं साफ करतो. हेही घासणंच झालं म्हणा, पण वर्षातून चार महिने.

कोल्हापूरकराच्या मनात येणारा प्रश्न: उद्यमनगरात, म्हणजे इथल्या वर्कशॉपच्या वसाहतीत, लेथवर काढून घेतले तर? माप केसाइतकंही चुकणार नाही, याची खात्री आहे. प्रश्न मापाचा नाहीच. ईएन-8 या साध्या स्टीलच्या सळईतून कापलेला नट आणि फोर्ज करून, हार्डनिंग करून आलेला नट दिसायला सारखेच. ईएन-24 हे जास्त ताकदीचं स्टील घेऊन पुढची सगळी प्रक्रिया करता येते, पण वीस नगांसाठी भट्टीचा हिशोब बसत नाही. आणि कडक केलेल्या स्टीलला प्लेटिंगनंतर (वरून मुलामा दिल्यावर) बेकिंग, म्हणजे भट्टीत तापवणं, चुकलं तर ते ठिसूळ होऊन अचानक तुटतं. इथे मी तरी विकतचेच घेईन.

उद्यमनगरात जा ते मार्किंग ब्लू, म्हणजे दोन भाग कुठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग, मागायला. नवीन नटाच्या निमुळत्या बाजूला बोटानं पातळ थर द्या, रिमला आवळा, काढून बघा. निळा रंग सगळीकडून सारखा पुसून पूर्ण कडं उमटलं तर बसण बरोबर आहे. एकाच बाजूला चंद्रकोर उमटली तर नट कितीही भारी असू दे, दुकानात परत न्या.